नंदूभाऊंची गादीवाली लॉन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप जमतात. त्यातून रो-हाऊस असलं की विचारूच नका! दोन घरांत भिंत एकच. मी फोडणी टाकली की पलीकडं शिंका सुरू होतात आणि पलीकडं भांडण सुरू झालं की मी टीव्हीचा आवाज कमी करते. आमचे हे म्हणतात, "देवानं तुला कान दोनच दिले ते बरं झालं." आता मी गॅलरीत भाजी निवडायला बसते, तेव्हा समोर जे घडतं ते दिसतं. त्याला मी काय करू? डोळे मिटून मेथी निवडू?

पण गेल्या वर्षात खोट्या गवतावरून आमच्या गल्लीत जे जे झालं, त्याची गंमतच वेगळी. भिशीत सांगायला बसले की बाया हसून हसून लोळतात. मी पण हसते. आणि मग मधेच कुठंतरी माझी मान खाली जाते. तुम्हाला सांगते, बघा तुमची जाते का.

*

आमची गल्ली मोशीच्या पुढं, चाकणकडं जाताना. समोरासमोर मिळून आठ घरं. बहुतेक सगळे कंपनीतले, शिफ्टवाले. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये प्रत्येक घरापुढं हिरवीगार लॉन होती आणि मधोमध कारंजं. ताबा मिळाला तेव्हा बघतो तर घरापुढं सिमेंटचा कोबा! कारंजं तर सोडाच, नळालासुद्धा पाणी एक दिवसाआड!

आमच्या शेजारी नंदूभाऊ आणि सविता. मूळचे बीडकडचे. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत नंदूभाऊंची उमर गेली. सीटवर कव्हर चढवावं तर त्यांनीच. सुरकुती म्हणून दिसायची नाही. ती लाइन कंपनीनं बंद केली आणि नंदूभाऊ घरी बसले. माणूस घरी बसला की घर कसं गप्प होतं, ते भिंतीतून कळतं बरं का. सविताच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दबकत यायला लागल्या.

मग एका सकाळी त्यांनी खोट्या गवताची मोठी गुंडाळी आणून अंगणात टाकली. कोब्यावर आधी जाड मेणकापड अंथरलं. त्यावर सीटचा फोम. त्यावर गवत. आणि चारी बाजूंनी सोल्युशन लावून असं ताणून बसवलं की मुंगीला आत जायला फट नाही. मी लगेच बघायला गेलेच. चप्पल काढून पाय ठेवला तर पाय आत रुतला!

"अगंबाई, नंदूभाऊ, ही लॉन आहे का गादी?"

नंदूभाऊ कितीतरी दिवसांनी छाती काढून म्हणाले, "ताई, आत्तापर्यंत लोकांच्या बुडाखाली मऊ केलं. आता पायाखाली करणार!"

झालं. त्या आठवड्यात मी गल्लीतली सगळी घरं पालथी घातली. नंदूभाऊंना स्वतःला माहीत नव्हती एवढी गॅरंटी मी देऊन आले. समोरच्या गोरेभाऊंनी एकच विचारलं, "वहिनी, पण ह्यातून पाणी जाणार कुठं?"

मी म्हणाले, "अहो, कंपनीचा माणूस आहे. त्यानं केला असेल की विचार!"

महिन्या-दीड महिन्यात आठही घरं हिरवी. लोक त्यांना नंदूशेठ म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हणाले ती मीच.

*

पाण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडं सण. खालची टाकी भरा, वरची भरा, पिंप भरा, कळश्या भरा. ह्या गडबडीत वरची टाकी वाहायला लागते आणि पाइपातून सगळं पाणी बदाबदा अंगणात पडतं. पूर्वी ते कोब्यावरून घरंगळत कोपऱ्यातल्या जाळीत जायचं. आता जाळी कुठाय? मेणकापडाखाली. पाणी कुठाय? फोममध्ये. फोम पीत राहिला, पीत राहिला, आणि वरून बघावं तर काही नाही. हिरवंगार, सुबक, एक सुरकुती नाही.

गोरेभाऊ चाकणला सुपरवायझर आहेत. फर्स्ट शिफ्ट. कडक इस्त्रीची फिकट पँट घालून, डबा घेऊन निघाले. पायरीवरून लॉनवर पाय टाकला आणि पचाक्! बुटाच्या बाजूनं पाण्याची अशी चिळकांडी उडाली की थेट पट्ट्यापर्यंत.

गोरेभाऊ तिथंच उभे. एकदा खाली बघतात, एकदा माझ्याकडं. मी गॅलरीत. मग म्हणाले,

"वहिनी, गवत थुंकलं माझ्यावर!"

आत जाऊन पँट बदलून आले. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न मारतेय. घाईत दुसरा पाय टाकला. पचाक्! गवत पुन्हा थुंकलं. तसेच गेले बिचारे. त्या दिवसापासून ते पायरीवरून थेट गेटवर उडी मारायचे. डबा छातीशी धरून. त्यांची आई, आमच्या गोरे आजी, दारातून ओरडायच्या, "आरं, कामाला चाललाय का कबड्डीला?"

नंदूभाऊ येऊन बघून गेले. लॉनवर तळवा दाबला, पाणी वर आलं, तळवा उचलला, पाणी खाली गेलं. म्हणाले, "उन्हानं वाळेल." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पुढं आषाढ होता.

*

आषाढात गोऱ्यांच्या अंगणात आवाज यायला लागला. डराँव. थांबायचा. डराँव.

गोरेभाऊंना आधी वाटलं मोबाइल. मग वाटलं इन्व्हर्टर बिघडला. मेकॅनिक आला, इन्व्हर्टर उघडून बघितला, ठीक आहे म्हणाला आणि गेला. तो गेटबाहेर पडतोय तोच, डराँव!

मग आम्ही सगळे जमलो. आम्ही म्हणजे, मी आधीपासून होतेच. लॉनवर कान लावून लावून जागा शोधली तर एका ठिकाणी गवत हळूच वर उचललं जायचं आणि खाली बसायचं. आतून कुणी श्वास घेतंय असं! बेडूक! कुठल्या फटीतून शिरला, कसा मोठा झाला, देवाला माहीत. फोम असा भिजलेला, वरून मऊ पांघरूण, त्याला आणखी काय पाहिजे?

नंदूभाऊ ब्लेड घेऊन आले. एका कोपऱ्यात गवत कापायचं ठरलं. पण गोरेभाऊ नको म्हणाले, चांगल्या दिसणाऱ्या लॉनला ठिगळ पडेल. नंदूभाऊंनाही कापायचा जीव होईना, त्यांचीच शिवण ना ती! दोघं बराच वेळ त्या जागेकडं बघत उभे.

गोरे आजी म्हणजे चाकणकडच्या शेतकरी घरातल्या. आजोबा अजून रोज शेतावर चक्कर मारून येतात. आजी पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "कशाला कापाकापी? ऱ्हाऊ द्या त्याला. भाडेकरू हाय म्हनायचं आन् डिपॉझिट घ्यायचं!"

गल्ली खो खो हसली. नंदूभाऊ पण हसले, पण ब्लेड मिटून खिशात टाकलं आणि मागं न बघता घरी गेले. ते मला दिसलं. मी हसतच होते.

*

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सोडलं तर बाकीचं काही कळणार नाही.

श्रावण लागला आणि गल्लीत वास यायला लागला. साधा नाही. नाकात शिरून बसणारा, सडका, आंबूस. उदबत्ती लावा, फिनाइल टाका, जाईना. आता गल्लीत सावंत वहिनी कोकणातल्या. त्यांच्या घरी सुकट, बोंबील, सोडे असणार हे सगळ्यांना ठाऊक. कुणी उघड बोललं नाही. पण बोलायला लागतंच कुठं? एकीनं नाकाला पदर लावला, दुसरीनं त्यांच्या घराकडं बघितलं, झालं.

शेवटी आम्ही चौघी निघालो. सविता पण होती. मी पुढं, कारण बोलायला मी बरी. हातात साबुदाण्याच्या खिचडीची वाटी, म्हणजे सहज आलोय असं वाटावं!

"वहिनी," मी गोड आवाजात म्हणाले, "श्रावण आहे ना, म्हणून म्हटलं. ते डबे जरा आतल्या बाजूला ठेवले तर…"

सावंत वहिनी तडक वळल्या. आत गेल्या. एकेक करून सगळे डबे बाहेर आणले आणि आमच्यापुढं लॉनवर मांडले. घट्ट झाकणं, वर दोऱ्यानं बांधलेलं प्लास्टिक.

"गटारीपासून ह्या डब्यांना हात लावला नाही मी. श्रावण आम्ही पण पाळतो. आता तुम्ही उघडायला लावलात." एक दोरा सोडला, झाकण काढलं आणि डबा माझ्या नाकाशी धरला. "घेवा वास! हाच का तो? नाही? मग हा घेवा!"

प्रत्येक डब्याचा वास आम्हा चौघींना घ्यायला लावला. वास होता, सुक्या मासळीचाच होता, पण तो नव्हता. आम्ही चौघी खिचडीच्या वाटीसकट उभ्या. कुठं बघावं कळेना.

मग वहिनी आतून उलथनं घेऊन आल्या. लॉनच्या कडेला ते खुपसलं, कोपरा टर्रकन उचकटला. खालून काळंशार पाणी आलं आणि जो भपकारा सुटला तो आम्हाला दोन पावलं मागं घेऊन गेला.

वहिनींनी उलथनं माझ्या हातात दिलं. "आता सांगा गो, ह्यात कुठला मासा?"

मी उलथनं मागं लपवलं. मागं वळून बघितलं तर सविता तिथं नव्हती. तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज तेवढा आला. हळूच लावलं होतं तिनं.

*

दुसऱ्याच दिवशी नंदूभाऊ ड्रिल मशीन घेऊन बाहेर पडले. कुणाच्या नजरेला नजर नाही. "भोकं पाडतो. पाणी खाली उतरेल." सुरुवात आमच्याच अंगणात.

खाली कोबा आणि कोब्यात पाइप. पाइप कुठून गेलाय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि बिल्डरला तर नक्कीच नव्हतं. आणि नेमका पाण्याचा दिवस!

ड्रिल आत गेलं, बाहेर आलं आणि मागोमाग पाणी! पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत! माझी निवडलेली मेथी धुऊन निघाली. नंदूभाऊंनी ड्रिल फेकलं आणि दोन्ही तळवे त्या भोकावर दाबून धरले, तर पाणी बोटांच्या मधून चहूकडं. पोरं ओरडतायत, आमचे हे व्हॉल्व्ह शोधतायत आणि गोरेभाऊ गेटवरून म्हणतात,

"चला! ब्रोशरमधलं कारंजंही आलं एकदाचं!"

काय हसलो आम्ही! कुणीतरी व्हिडिओ काढला. गल्लीच्या ग्रुपवर पडला, खाली लिहिलेलं, 'नंदूशेठ वॉटर पार्क, प्रवेश मोफत'. त्यावर हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी पण टाकले चेहरे. तीन.

संध्याकाळी पुन्हा तो व्हिडिओ लावला. त्यात सगळे हसताना दिसतात. मधे नंदूभाऊ गुडघ्यावर बसलेत, नखशिखांत भिजलेले, आणि दोन्ही हातांनी पाणी दाबून धरतायत. ते तेवढे हसत नाहीत. मग मला आठवलं, सविता पण त्याच ग्रुपवर आहे.

माझे चेहरे मी पुसायला गेले. तर तिथं लिहून येतं ना, अमुकनं मेसेज पुसला म्हणून! म्हणजे आता ते पण सगळ्यांना दिसलं.

*

त्यानंतर नंदूभाऊ पुढच्या दारानं यायचे बंद झाले. आमच्या घरांच्या मागं एक बोळ आहे, गटाराची झाकणं आहेत तिथं. सकाळी लवकर त्या बोळातून मोटरसायकल ढकलत न्यायचे. चालू करायचे नाहीत, आवाज होईल म्हणून. रस्त्याला लागले की मगच किक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायचं.

सविताला मी मागच्या दाराशी गाठलं. आधी ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "ताई, घर विकून गावाकडं जाऊ म्हणतात. काम गेलं त्याचं काही नाही म्हणतात. पण ह्या गल्लीत मान वर करून चालता येत नाही."

"अगं पण रोज सकाळी जातात कुठं?"

"मला पण सांगत नाहीत."

आता सांगा, मला त्या रात्री झोप लागली असेल?

पण उत्तर मात्र अचानक मिळालं. वाकडला भाचीकडं गेले होते. तिच्या बिल्डिंगच्या मागं बॉक्स क्रिकेटचं नवं टर्फ करत होते. भाचीच्या खिडकीतून बघते तर घमेलं घेऊन खडी टाकणारा माणूस ओळखीचा! उतरले खाली. नीट दिसावं म्हणून रस्त्यावर उभ्या असलेल्या एका कॅबच्या आडोशाला गेले आणि हळूच डोकावले.

"ताई, लपू नका," नंदूभाऊ घमेलं न ठेवताच म्हणाले, "पदर दिसतोय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आले. पदर सारखा करत म्हणाले, "बरे आहात ना?"

त्यांनी घमेलं रिकामं केलं, हात पुसले. "शिकतोय. इथं गवताखाली काय काय घालतात ते बघायला बिगारी म्हणून लागलो." मग दुसरं घमेलं भरत म्हणाले, "सीटमध्ये पाणी शिरू द्यायचं नसतं, ताई. आन् अंगणात थांबू द्यायचं नसतं. मी अंगणाला सीट समजलो, बगा."

परत निघताना म्हणाले, "कुणाला सांगू नका एवढ्यात."

मी शपथ घेतली. आणि सांगते, मोशी येईपर्यंत खरंच कुणाला सांगितलं नाही!

*

दिवाळीनंतर नंदूभाऊ पुढच्या दारानं बाहेर आले. थेट सावंतांच्या गेटवर. "वहिनी, पहिलं तुमचं करतो."

फोम काढला. मेणकापड काढलं. कोबा छिनीनं फोडून जाळीकडं उतार काढला. जाळी मोकळी केली. वर बारीक खडी, खडीवर जाळीचं कापड, मग गवत. ह्या वेळी कडा चिकटवल्या नाहीत. मग बादलीभर पाणी ओतलं आणि धावत गेटजवळच्या जाळीपाशी जाऊन गुडघ्यावर बसले, कान लावून. सगळी गल्ली गेटशी वाकली. आणि खालून आवाज आला, खळखळ.

"आलं!" नंदूभाऊ म्हणाले.

सावंत वहिनी पायरीवर हाताची घडी घालून उभ्या. "आणखी एक ओता."

ओतली. आलं.

"आणखी एक."

असं करत करत पिंप संपलं. शेवटी वहिनी खाली उतरल्या, अनवाणी लॉनवर चालल्या, तळवे बघितले. "बरं आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून परत आल्या त्या चहा घेऊन. कप दोनच होते. एक नंदूभाऊंना, एक स्वतःला. मी गेटवर उभी होते. मला विचारलं नाही!

*

मग एकेक घर करत नंदूभाऊंनी सगळी अंगणं धरली. पाण्याचा दिवस आला, टाक्या वाहिल्या, आणि सगळ्यांची अंगणं तासाभरात कोरडी. गोरेभाऊ पायरीवरून चालत उतरायला लागले. पण नंदूभाऊ काम सोडून एरवी अजून मागच्या बोळातूनच जायचे. लोकांनी बरं झालं म्हटलं, पण कुणी दोन घटका थांबवून बोललं नाही. लाजच वाटत होती ना सगळ्यांना, त्या व्हिडिओची.

स्वतःचं अंगण त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं. तोपर्यंत खडी संपली होती. आमच्या सगळ्यांकडं चांगली जाड बसवली होती, त्यांच्याकडं तळ झाकण्यापुरती उरली. वर त्यांनी दगडाचा कच पसरला, म्हणजे तो बारीक चुरा, पाणी धरून बसणारा, आणि गवत अंथरलं. गॅलरीतून मी बघितलं. आणि मी, जी एवढी बोलते, त्या दिवशी काही बोलले नाही.

संक्रांतीनंतर सविता घरोघर कुंकवाची कोयरी घेऊन आली. श्रावणानंतर पहिल्यांदाच ती गल्लीत अशी समोरून फिरली. "हळदीकुंकू आहे. सगळ्यांनी यायचं. आणि खुर्च्या नाहीत हं, लॉनवरच बसायचं!" शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज जरा चढला. ही त्या लॉनचीच परीक्षा, ते सगळ्यांना कळलं. घर विकायची गोष्ट अजून मिटली नव्हती.

नेमका पाण्याचा दिवस. दुपारी त्यांची टाकी वाहत होती. मी गॅलरीतून हाका मारल्या, पण आत मिक्सर चालू होता.

संध्याकाळी आम्ही सगळ्या गेलो. संक्रांत म्हणून सगळ्यांच्या काळ्या साड्या, कुणाची चंद्रकळा, कुणाची काठाची. अंगण सुरेख दिसत होतं. दाराशी रांगोळी, ताटात तिळगूळ, वाण म्हणून छोट्या डब्या. सविता नवी साडी नेसून दारात, आणि आत पडद्यामागं नंदूभाऊंची सावली.

बसलो.

आधी नुसतं गार वाटलं. म्हटलं, जानेवारी आहे. मग ते गार साडीतून आलं, परकरातून आलं आणि चांगलं पोहोचलं! मी सावंत वहिनींकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. त्यांच्या पलीकडच्या बाईनं ओठ दाबून धरलेले. गोरे आजी तर नेमक्या खोलगट जागेत बसलेल्या, जिथं सगळं पाणी जमलं असणार. डोळे मिटून बसल्या होत्या, जसं काही कीर्तनच ऐकतायत.

कुणी उठेना. सविता एकेकीला हळद लावत होती, कुंकू लावत होती आणि हळूच प्रत्येकीच्या चेहऱ्याकडं बघत होती.

तेवढ्यात पडदा हलला. नंदूभाऊ बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, क्रीम कलरची पँट. दारातच थांबून म्हणाले, "काय म्हणताय ताई, वहिनी? कोरडं आहे ना?"

गल्लीतल्या सगळ्या बाया एकदम दाराशी काढलेली रांगोळी बघायला लागल्या.  खिचडीची वाटी घेऊन पुढं जाणारी मी, त्या वेळी नुसती लॉनच्या पात्यांकडं बघत बसले.

सावंत वहिनींनी पदर सावरला. मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कोरडं ठणठणीत, भावजी!"

"हो हो!" आम्ही सगळ्या एकदम. "अगदी सुकं!" "आमच्यापेक्षा छान झालंय!"

नंदूभाऊंचा चेहरा असा फुलला! कितीतरी महिन्यांनी त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं सरळ बघितलं. म्हणाले, "मग मी पण बसतो दोन मिनटं तुमच्यात. किती दिवस झाले, गल्लीत कुणाजवळ बसलोच नाही."

आणि चप्पल काढून, पँटच्या घड्या वर सरकवून, खाली बसायला वाकले.

"नकोऽऽ!" सगळ्या बाया एका सुरात किंचाळलो.

नंदूभाऊ अर्धे वाकलेले तसेच थिजले. आमच्याकडं बघायला लागले. सविताच्या हातातली कोयरी हवेतच. आता काय सांगणार? कोण सांगणार?

गोरे आजींनी डोळे उघडले.

"आरं, हळदीकुंकवात गडी माणूस बसतो व्हय रं? काय रीतभात हाय का न्हाई! व्हय आत, आन् च्या टाक समद्यांना!"

नंदूभाऊ आधी चपापले, मग जीभ चावली, मग खळखळून हसले. "चुकलं आजी, चुकलं!" म्हणत आत पळाले. आतून भांड्यांचा आवाज आला आणि त्याबरोबर त्यांचं गुणगुणणं.

सावंत वहिनींनी बसल्या जागेवरूनच आवाज दिला, "भावजी, माझ्यात साखर जरा जास्त! आणि काही घाई नाही हं, आम्ही बसलोय!"

आणि आम्ही सगळ्या, होतो तिथंच, आणखी ऐसपैस मांडी घालून बसलो.